सतरा थेंबांतली दाढ

मी एक जुनी लेन्स आहे, मित्रांनो. कॅमेऱ्याच्या तोंडाला लावतात ती. सध्या माझा मुक्काम दाताच्या एका डॉक्टरांच्या तिसऱ्या ड्रॉवरमध्ये आहे. डावीकडे प्लास्टरचे जबडे, उजवीकडे प्लास्टरचे जबडे, सगळे आ वासून बसलेले. माणसांबरोबर इतकी वर्षं काढल्यावर मला ही संगत बरी वाटायला लागली आहे, कारण हे जबडे बोलत नाहीत.

माझा जन्म फार काळजीने झाला. कुणीतरी काच वितळवली, कुणीतरी ती महिनोन्महिने घासली, आणि पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने माझी एकेक काच फुंकरसुद्धा न मारता नळीत बसवली. एवढे कष्ट कशासाठी? तर मला टेलिफोटो मॅक्रो व्हायचं होतं. म्हणजे काय, ते सोपं करून सांगते. साध्या मॅक्रो लेन्सला किड्याचा मोठा फोटो काढायचा असेल तर पार किड्याच्या नाकाशी जावं लागतं, आणि किडा पळून जातो. मी दोन हात लांब उभी राहून त्याच्या पंखातली शीर न् शीर दाखवते. त्याला पत्ताही लागत नाही. त्याचं त्याचं चालू, माझं माझं चालू. माझ्या अख्ख्या आयुष्याचं सार एवढंच आहे: लांब उभं राहा.

आणि मला विकत कुणी घेतलं? तर ज्याचा सगळा जन्म दुसऱ्याच्या तोंडात डोकं घालण्यात गेला, त्या माणसाने.

डॉक्टरांनी मला घरी नेलं तेव्हा त्यांच्या बायकोने खोका उघडून विचारलं, "हे काय आहे?"

"दाढांचे फोटो काढायला लागते. दवाखान्यासाठी."

"दाढेला एवढी मोठी तोफ? पेशंट घाबरून दात स्वतःच काढून देईल."

दाढेचा फोटो त्यांनी माझ्यातून एकही काढला नाही. त्यांना निसर्ग हवा होता. गावात फोटोवाल्यांचं एक मंडळ होतं, दर वर्षी त्यांची स्पर्धा व्हायची, आणि दर वर्षी पहिला नंबर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याचा यायचा. डॉक्टरांना हे गिळवत नव्हतं. झेरॉक्सवाला, आणि तोही चिकटपट्टी लावलेली लेन्स घेऊन.

पहिलं वर्ष माझं धुक्यात गेलं. माझ्या कुशीवर एक बारीक बटण आहे. ते 'लांब'वर असलं की मला जवळचं दिसत नाही, आजोबांसारखं. डॉक्टरांनी ते बटण कधी पाहिलंच नाही. फुलपाखराच्या अंगावर ओणवे व्हायचे, मी बिचारी घर्र घर्र करून दमायचे, आणि फोटो यायचा तो पिवळ्या डागाचा. मंडळात सगळ्यांना सांगायचे, "लेन्सच बोगस निघाली." वर्षभर मी बोगस होते, मित्रांनो. शेवटी एकदा झेरॉक्सवाल्याने मला हातात घेतलं, अंगठ्याने बटण सरकवलं आणि परत दिलं. डॉक्टर म्हणाले, "हो हो, मी तेच बघत होतो."

पण बटण सरकलं म्हणून माणूस सरकत नाही. आता फोटो स्पष्ट यायचे, तर किडे थांबत नव्हते. डॉक्टरांना थांबणं माहीतच नाही. खुर्चीत बसलेला पेशंट कुठे पळणार? तीच सवय. गवतात शिरायचे धाडधाड, आणि बेडकाला सांगायचे, "हलायचं नाही हं, दोन मिनिटांत होईल." बेडूक शहाणा, तो इंजेक्शन यायच्या आत निघून जायचा. मग तीन वर्षं उत्तेजनार्थ बक्षीस. उत्तेजनार्थ म्हणजे तुम्ही आलात, बरं वाटलं.

पुढच्या वर्षी डॉक्टरांनी मंडळाच्या भर सभेत सांगून टाकलं, "या वेळी पहिला नंबर आला नाही तर कॅमेरा विकून टाकीन. लेन्ससकट." टाळ्या पडल्या. कशासाठी पडल्या, हे मला अजून कळलेलं नाही. मला मात्र धडकी भरली. विकलेली लेन्स कुठे जाते, सांगता येत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये जेवणारी माणसं टिपायला गेले असते तर?

आता दवाखान्यात चला. दवाखान्यात एक मावशी आहेत. झाडलोट करतात, हत्यारं उकळतात, पेशंटला चूळ भरायला ग्लास देतात. खिडकीबाहेर त्यांनी चार कुंड्या ठेवल्या आहेत आणि कुंड्यांखाली पाण्याची परात. त्या परातीवर एक चतुर यायचा. लाल, काडीसारखा सडपातळ, रोज त्याच फांदीच्या त्याच टोकाला बसायचा. मावशी त्याला म्हणायच्या, "आलात का? बसा." एवढंच. हात लावायच्या नाहीत, जवळ जायच्या नाहीत. त्यांना मॅक्रो म्हणजे काय हे माहीत नव्हतं, पण त्या आपोआप दोन हात लांब उभ्या राहायच्या. मी खिडकीशी ठेवलेली असले की आम्ही दोघी त्याच्याकडे बघत बसायचो.

डॉक्टरांनी त्याला पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात कल्पना आली. त्यांना कल्पना आली की मला आधीच थंडी वाजते, आणि या वेळी ती खरोखरच थंडीची कल्पना होती. किडा गार पडला की हलत नाही, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. त्यांनी चूळ भरायच्या ग्लासाखाली चतुर पकडला, कवळीच्या डबीत घातला आणि डबी इंजेक्शनांच्या फ्रिजमध्ये ठेवली. ठेवताना म्हणाले, "जरासं गार लागेल."

मावशींनी विचारलं, "डॉक्टर, त्या डबीत काय आहे?"

"मॉडेल आहे, मावशी. मॉडेल."

पहिल्या दिवशी चतुर अर्ध्या मिनिटात जागा झाला आणि दिव्यावर जाऊन आपटला. पकडून पुन्हा फ्रिज. दुसऱ्या दिवशी उशिरा जागा झाला, जरा अडखळत उडाला, पडद्यात अडकला. पुन्हा फ्रिज. आणि तिसऱ्या दिवशी खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ होते. खालची दाढ काढायची होती. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, छातीवर हिरवं फडकं बांधलं, गालात कापूस कोंबला आणि सांगितलं, "भिनू दे. दहा मिनिटं तोंड उघडं ठेवा, डोळे मिटा."

मग डबी उघडली. चतुर निपचित. डॉक्टरांनी त्याला मावशींच्या कुंडीतल्या काडीवर बसवलं. पाय धरेनात, म्हणून दातात भरायच्या सिमेंटचा ठिपका लावला. तोंडात पाणी मारायच्या पिचकारीने त्याच्यावर हळूच थेंब सोडले. पंखांवर, डोळ्यांवर, शेपटीवर. दव, म्हणे. आता मागे निसर्ग हवा. निसर्ग कुठून आणायचा? ते इकडेतिकडे बघायला लागले आणि त्यांना म्हाताऱ्यांच्या छातीवरचं हिरवं फडकं दिसलं.

मी लांबचं बघणारी असल्यामुळे मला मागचं फार थोडं दिसतं. वीतभर हिरवं मिळालं की माझं भागतं, त्याचं धूसर होऊन छान कुरण होतं. डॉक्टरांनी काडी खुर्चीपुढे धरून ठेवायला मावशींना उभं केलं. म्हातारेबुवा डोळे मिटून "आँ" करत बसलेले. आणि डॉक्टर आयुष्यात पहिल्यांदा बरोबर दोन हात लांब उभे राहिले.

खटक.

फोटो अप्रतिम होता. सांगायला लाज वाटते, पण खोटं मला जमत नाही. लाल चतुर, हिरवं कुरण, सतरा थेंब, प्रत्येक थेंब मोत्यासारखा. विकली जायची माझी भीती त्याच क्षणी गेली, आणि मी स्वतःवर खूश झाले. चतुराकडे माझं लक्षच नव्हतं. त्याची आठवण मावशींना झाली. त्या संध्याकाळपर्यंत काडी उन्हात धरून बसल्या होत्या.

फोटोला डॉक्टरांनी नाव दिलं, 'जीवनाचा उत्सव'.

फोटो निवडायला येणारा परीक्षक कोण, हे मंडळ आधी सांगत नसे. बक्षीस-समारंभाच्या दिवशी कळलं की कॉलेजात चाळीस वर्षं किडे शिकवून निवृत्त झालेले सर आले आहेत. पोरं त्यांना किडेवाले सर म्हणायची. निवडताना सगळे फोटो त्यांना वहीएवढे दाखवले होते. आता पहिल्या नंबराचा, म्हणजे आमचा, फोटो दाराएवढा करून हॉलच्या भिंतीवर लावला होता. डॉक्टरांनी दवाखाना बंद ठेवून सगळ्यांना आणलं होतं. बायको पहिल्या रांगेत, मावशी शेवटच्या रांगेत. टाळ्यांना माणसं लागतात. मी कॅमेऱ्यासकट डॉक्टरांच्या गळ्यात, हारासारखी.

डॉक्टर भाषणाला उभे राहिले. "पहाटे चार वाजता तळ्यावर गेलो. गुडघाभर चिखल. तीन तास श्वास रोखून उभा होतो. शेवटी निसर्गानेच मला हाक मारली."

"तीन तास श्वास रोखला तर उभे कसे राहिलात?" झेरॉक्सवाला मागून म्हणाला. त्याचा दुसरा नंबर होता. झेरॉक्स मशीनच्या काचेवर चालणारी मुंगी. त्या मुंगीसाठी त्याने दोन दिवस मशीन बंद ठेवलं होतं आणि गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

तेवढ्यात किडेवाले सर बक्षीस द्यायला उठले आणि सवयीप्रमाणे फोटोजवळ गेले. खिशातून भिंग काढलं. एका थेंबापाशी थांबले. मग दुसऱ्या. मग खाली वाकून शेपटीवरच्या.

मित्रांनो, पाण्याचा थेंब हीसुद्धा एक लेन्सच असते. माझी धाकटी बहीण म्हणा. फरक एवढाच की मला मागचं वीतभर दिसतं आणि तिला अख्खी खोली दिसते, फक्त उलटी. मी टिपलं होतं कुरण. तिने टिपलं होतं बाकीचं.

सर गालावर हात ठेवून वळले. "डॉक्टर, ही कोणती दाढ?"

"कुठली दाढ, सर?"

"या थेंबातली. उलटं आहे म्हणून डावी-उजवी कळत नाहीये."

डॉक्टर हसले. मग त्यांनी सरांच्या गालाकडे बघितलं आणि हसायचे थांबले. दाताचे डॉक्टर लोकांना चेहऱ्याने ओळखत नाहीत.

सर शांतपणे म्हणाले, "हे माझं नाक. हा माझ्या गालातला कापूस. वर, म्हणजे खाली, तुमचा दिवा. सतरा थेंब मोजले, सतराही ठिकाणी मी आ करून बसलोय. आणि हे कुरण मी ओळखलं नाही ही माझीच चूक, कारण ते माझ्या छातीवर होतं."

हॉल असा काही हसला की खुर्च्या हलल्या. डॉक्टरांची बायको पदरात तोंड घालून हसत होती. झेरॉक्सवाला तेवढा हसला नाही, तो फोटोकडे बघत होता. आपला फोटो दाराएवढा करून बघायची बुद्धी डॉक्टरांना झाली नव्हती. जी माणसं दुसऱ्याच्या दातातली कीड आरशाने शोधतात, त्यांना स्वतःच्या भिंतीवरचं दिसत नाही.

सरांनी हात वर केला. हसणं थांबलं.

"मला एवढंच विचारायचंय. फोटो झाल्यावर हा चतुर उडाला का?"

डॉक्टर म्हणाले, "हो, म्हणजे, नंतर..."

"नाही उडाला, सर." मावशी शेवटच्या रांगेत उभ्या राहिल्या होत्या. "पाय सिमेंटमध्ये होते. सोडवताना एक तुटला. संध्याकाळपर्यंत वाट बघितली. मग कुंडीत पुरला."

इतकं साधं वाक्य मी त्या हॉलमध्ये दुसरं ऐकलं नाही. पहिला नंबर मुंगीला गेला. 'जीवनाचा उत्सव' भिंतीवरून उतरवून गुंडाळायला डॉक्टरांना कुणी मदत केली नाही, आणि दाराएवढा कागद एकट्याला गुंडाळता येत नाही. तो वादळात सापडलेल्या छत्रीसारखा त्यांच्या अंगाला गुंडाळला जात राहिला.

त्यांनी मला विकलं नाही. विकायला नेलं असतं तर दुकानदाराने कारण विचारलं असतं. म्हणून ड्रॉवर, आणि हे जबडे. माझ्या आत आता बुरशीचा एक धागा धरला आहे. मला डॉक्टरांचा राग येतो का? राग मोठ्या माणसांचा येतो. यांची मला फक्त कीव येते, तीही कापूस घालून.

पण मागच्या आठवड्यात ड्रॉवर उघडला. मावशींनी हाक मारली होती, "डॉक्टर, या जरा. हळू या." परातीवर नवा चतुर आला होता, त्याच फांदीच्या त्याच टोकाला. डॉक्टरांनी मला बाहेर काढलं, पुसलं, कॅमेऱ्याला लावलं. एक पाऊल पुढे टाकलं आणि जुन्या सवयीने फ्रिजकडे बघितलं. मावशी नुसत्या उभ्या होत्या, दोन हात लांब.

डॉक्टर थांबले. मग एक पाऊल मागे आले. पेशंट खुर्चीत आ करून वाट बघत राहिला, आणि आम्ही तिघं त्या चतुराकडे बघत राहिलो. बराच वेळ. डॉक्टरांनी बटण दाबलं आणि त्याच क्षणी चतुर उडाला. फोटोत आली नुसती फांदी. हलणारी.

माझ्यातून निघालेला तो सगळ्यात चांगला फोटो आहे, मित्रांनो. डॉक्टरांनी तो लगेच डिलीट केला. त्यांच्याकडून यापेक्षा जास्त अपेक्षा मी ठेवत नाही.

तुमच्याकडून ठेवते. लेन्स घ्या किंवा घेऊ नका, ती कोरड्या जागी ठेवा किंवा जबड्यांत ठेवा. पण एखादा जीव फांदीवर बसलेला दिसला, तर दोन हात लांब उभे राहा, आणि तोंड मिटा.