सातवा चोरकप्पा

राम राम, मित्रांनो. दिघीला जाणारी फेरीबोट पकडायला आगरदांड्याला आलात, की जेट्टीच्या अलीकडे दोन ओंडक्यांवर टेकवलेली एक होडी दिसेल. रंग उडालेला, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, शेंदराचा पुसट टिळा. लोक माझ्या काठावर पिशव्या ठेवतात, पोटात चढून फोटो काढतात. ती होडी मी. आज जरा चिडूनच बोलणार आहे, सांभाळून घ्या.

दहा वर्षांपूर्वी अनंता तांडेलाने मला इथल्याच वाळूत बांधलं. तीस वर्षं त्याने दर्यावर नाव हाकली होती. फळीवर बोटाची टिचकी मारून तो सांगतो, पलीकडे लाकूड आहे की पोकळी. किनाऱ्यावरच्या पोलिसांचे एक मोठे साहेब एकदा त्याला म्हणाले, "तांडेल, चोरटे लोक होडीत काय काय आणि कुठे कुठे लपवतात, ते आमच्या पाहुण्यांना शिकवाल का?" पाहुणे म्हणजे समुद्रापलीकडच्या लहान लहान बेटांच्या देशांतले शिपाई. त्यांचा समुद्र अफाट आणि गस्तीच्या बोटी चारदोन. त्यांना तयार करायचं आपल्या सरकारने कबूल केलं होतं.

म्हणून मी जन्मले ती मासे धरायला नव्हे, शिकवायला. अनंताने माझ्या अंगात चोरकप्पे ठेवले. एक बसायच्या फळीखाली, एक इंजिनाच्या बैठकीत, दोन दुहेरी तळात, दोन नाळेच्या पोटात, असे सहा. सातवा कुठे आहे ते मी कुणालाच सांगत नाही, तुम्हालाही नाही.

काय दिवस होते ते! पाहुण्यांना मराठी येत नव्हती आणि अनंताला त्यांची भाषा येत नव्हती. पण रंगलेल्या कीर्तनात शेवटच्या ओळीत बसलेल्या माणसालाही वाटतं ना, की बुवा आपल्याशीच बोलताहेत, तसं व्हायचं. अनंता त्यांचा हात धरून फळीवर ठेवायचा आणि म्हणायचा, "घाई न्हाय कराची. आयक. लाकूड सोता सांगतंय." सातवा कप्पा सापडायला कुणाला दोन तास लागत, कुणाला दोन दिवस. सापडला की काळीसावळी माणसं लेकरांसारखी नाचायची आणि अनंताची बायको गोदूबाई सगळ्यांना कोकम सरबत द्यायची.

एकदा त्या बेटांवरून पत्र आलं. इथे शिकून गेलेल्या एका बाईने एक होडी अडवली होती. कागद ठीक, माल ठीक. तरी तिने फळ्या ठोकून पाहिल्या. दुहेरी तळातून दोन माणसं निघाली, पळवून नेलेली, अर्धमेली, पण जिवंत. गोदूबाईने ते पत्र देवापुढे ठेवलं. मित्रांनो, मी लाकडाची. पण त्या दिवशी मलाही भरून आलं.

मग नवा नियम आला. परदेशी पाहुण्यांना शिकवायचं तर आता तज्ज्ञ पुरवठादारांच्या सरकारी यादीत नाव हवं. नाव नाही, तर काम नाही. अर्ज बेचाळीस पानांचा.

तो भरला यज्ञेश्वरबुवांनी. बुवांची सुपारीची वाडी आहे, जन्म गेला तळा तालुक्याच्या कचेरीत आणि जीव अडकलेला कीर्तनात. माझ्या काठावर कागद पसरून ते म्हणाले, "अनंता, इथे होडीतले एकूण कप्पे, मापं आणि जागा लिहायच्या आहेत. सात लिहू ना?"

"सहा ल्हिवा."

"अरे, सात आहेत!"

"हाईत की. पन ह्यो कागद कुठं कुठं फिरंल? पाव्हन्यांच्या हातात गेला म्हंजे? कागदावं आला तं लपलेला कसला, बुवा?"

बुवा हसले. "खरं आहे. आख्यानाचा शेवट आधीच सांगितला तर मंडपात कोण बसेल?" आणि त्यांनी सहा लिहिले. मित्रांनो, दोघेही शहाणे. पण ही चूक दोन शहाण्यांनी मिळून केली.

पाहणीला तीन माणसं आली. सलिलसाहेब त्यांचे प्रमुख. साहेब स्वभावाने वाईट नव्हते, हे मला सांगायलाच हवं. त्यांच्याबरोबर मनालीताई होत्या, हातात आमचाच अर्ज. त्या वाचत गेल्या आणि साहेब झाकणं उघडत गेले. एक, दोन, तीन... अर्ध्या तासात सहा झाले.

"पूर्ण," साहेब म्हणाले. "सगळं जुळतंय, तांडेल."

इथे अनंताने हात जोडले असते तर मी आज पाण्यात असते. पण शिकवणाऱ्याची जीभ ती. त्याला राहवेना.

"सायेब, आजून एक हाय. शोधा बगू!"

साहेबही रंगात आले. बूट काढून आत उतरले. मनालीताईंनी पेनाने फळ्या ठोकल्या. वीस मिनिटं गेली, साहेबांच्या सदऱ्याची पाठ भिजली, पण सापडेना. मग अनंताने हलकेच सातवा कप्पा उघडला. तिघांच्याही तोंडून "वा!" निघालं. मनालीताईंनी तर टाळ्या वाजवल्या. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात आनंदाचा क्षण, आणि पुरता मिनिटभरही नाही टिकला.

कारण साहेबांची नजर अर्जावर गेली. "तांडेल, इथे सहा लिहिलेत."

"व्हय. मुद्दाम."

"मग अर्जातली माहिती चुकीची ठरते. मला तसं नोंदवावं लागेल."

"आवो, पन तुमाला गावला न्हाय, ह्योच तं माजा दाखला!"

साहेब खाली मान घालून म्हणाले, "त्याला अर्जात रकाना नाही."

गोदूबाई सरबताचा तांब्या घेऊन उभी होती. ती उसळली. "सहा शोधलंत ते कागद बगून. बिनकागदाचा एक न्हाय गावला. आनि खोटं आमी?" मग नवऱ्याकडे वळली. "आनि तुमी! गप ऱ्हायला असतात तं दात पडलं असतं?"

महिन्याने उत्तर आलं: अपात्र. बुवांनी तक्रार लिहिली. तिचंही उत्तर आलं: पुढची यादी तीन वर्षांनी, तेव्हा अर्ज करावा. काम शहरातल्या एका पुरवठादाराला मिळालं. बुवा मुद्दाम जाऊन त्याची होडी पाहून आले. फायबरची, चकचकीत.

"अनंता," ते म्हणाले, "प्रत्येक झाकणावर आकडा लिहिलाय रे. एक ते सहा. पाहुणे दहा मिनिटांत उघडतात आणि प्रमाणपत्र घेऊन जातात."

त्या बेटांच्या समुद्रात कुणी झाकणांवर आकडे लिहून ठेवणार आहे का, मित्रांनो? तिथे फळ्यांखाली कुणी गुदमरत असेल, त्याने कुठल्या यादीकडे दाद मागायची?

त्यानंतर अनंताने माझ्याकडे पाठ फिरवली. जेट्टीवर यायचा, पण नजर दुसरीकडे. लाकडाची होडी पाण्याबाहेर राहिली की सुकते, सांधे उघडतात. पुरते उघडले की ती कायमची गेली. हे गोदूबाईला ठाऊक होतं. ती रोज संध्याकाळी खाडीचं खारं पाणी आणून माझ्या अंगावर ओतायची आणि नवऱ्याला नि सरकारला एकाच दमात शिव्या घालायची. त्या शिव्यांवर मी जगले.

या चैत्रात तिचा गुडघा धरला. आठ दिवस पाणी नाही. नवव्या दिवशी अनंता रागारागातच आला, "म्हनं होडीला तहान लागलीय!" असं पुटपुटत. माझ्या सांध्यात त्याचं नख शिरलं. तो थबकला. मग बोट सरकवत पूर्ण सांधा चाचपत गेला, नाळेपर्यंत, आणि तिथेच वाळूत बसला. कितीतरी वेळाने उठला, बादली घेऊन खाडीत उतरला. त्या दिवशी त्याने चाळीस खेपा केल्या.

त्याचा राग गेलेला नाही. माझाही नाही. पण यादीला तीन वर्षं थांबता येतं, मित्रांनो. लाकडाला नाही येत, आणि हातातल्या विद्येलाही नाही. तेव्हा इकडे आलात तर माझ्यावर पिशव्या ठेवू नका. खाडी चार पावलांवर आहे. एक बादली ओता. आणि अनंता तिथे बसलेला असेलच, त्याला विचारा, "तांडेल, फळी कशी ऐकायची?"