एकाच दिवशी दोघींच्या पायांत

मित्रांनो, मी डाव्या पायाचा बूट आहे. वयाने जुना, रंगाने एकेकाळी तपकिरी, आणि डोंगर चढण्यासाठीच जन्माला आलेला. माझा उजवा भाऊ इथे माझ्या शेजारीच आहे, पण तो मितभाषी. दोघांच्या वतीने बोलायचे काम पहिल्यापासून माझ्याकडेच आहे.

आमचा जन्म एका अरुंद गल्लीतल्या कारखान्यात झाला. कारखाना कसला, एकच खोली होती ती. कातड्याच्या आणि मेणाच्या वासाने भरलेली. आम्हांला घडवणारा कारागीर चष्मा कपाळावर सरकवून काम करी आणि मग तोच चष्मा खोलीभर शोधत बसे. त्याने जाड कातडे लाकडी साच्यावर ताणले, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवले आणि शेवटी आमच्या पोटाला खोल खाचांचा सोल चिकटवला. आम्हांला न्यायला एक तरुण बाई आली. ती जमीन मोजण्याच्या खात्यात नोकरीला होती. कचेरीत तिला सगळे मोजणीबाई म्हणत. कारागीर तिला म्हणाला, "पहिले आठ दिवस चावतील, बाई. मग जीव लावतील."

अगदी तसेच झाले. पहिल्या आठवड्यात मी तिच्या टाचेला मोठा फोड आणला. त्यानंतर मात्र आमचे असे जमले, की तिची करंगळी कुठे टेकते तेही मला डोळे मिटून सांगता आले असते. ती मोजणीच्या दुर्बिणीची तिपाई खांद्यावर घेऊन कड्याकपारीतून हिंडे. एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर नेम धरी, वहीत आकडे लिही आणि तोंडाने पावले मोजत पुढच्या खुणेकडे जाई. घरी परतल्यावर ती गॅलरीत बसून आमच्या खाचांतला चिखल काडीने काढी आणि कातड्याला तेल चोळी. अशा वेळी मला फार बरे वाटे.

तिच्या घरी एक लहान मुलगी होती. ती एका जागी टिकतच नसे, म्हणून तिचे नाव भिंगरी पडले होते. आई दोन-दोन आठवडे कामावर जाई, तेव्हा भिंगरीला बाबा सांभाळत. ते घरीच घड्याळे दुरुस्त करत. आई निघायची, त्याच्या आदल्या संध्याकाळी भिंगरी मला उचलून लपवी. फक्त मला. उजव्या भावाला ती कधी हात लावत नसे. कधी मी सोफ्याखाली असे, कधी धुण्याच्या बादलीत. एकदा तर तिने मला पिठाच्या डब्यात कोंबले होते. सकाळी आई मला हुडकून काढी, झटकी आणि चकार शब्द न बोलता पायात घाली.

पुढे मोजणीबाईला बढती मिळाली. टेबल मिळाले, फिरती खुर्ची मिळाली आणि डोंगर सुटले. तिने आमच्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, आम्हांला खोक्यात घातले आणि कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिले. "चांगले बूट आहेत, जपून ठेवते," असे ती म्हणाली. मित्रांनो, त्या फळीवर आम्ही बारा वर्षे होतो. ना ऊन, ना वारा, ना पाय. सुरुवातीला रोज वाटे, आज खोके उघडेल. नंतर आम्ही ते बोलणेही सोडले. वरून आम्ही नव्यासारखे दिसत होतो, पण आत सोलाचा डिंक गुपचूप वाळत चालला होता.

मोजणीबाई निवृत्त झाली आणि तिघांनी आठ दिवस एका बेटावर जायचे ठरवले. भिंगरी आता तिशीची होती. ती एका मोठ्या वाचनालयात फाटक्या पुस्तकांची बांधणी करत असे. बेटाच्या मधोमध एक उंच डोंगर आहे, हे तिने नकाशात पाहिले आणि हट्टच धरला. "आई, एक दिवस तो डोंगर. फक्त तू आणि मी."

"अगं, मी समुद्रावर लोळायला येतेय," आई म्हणाली.

"जन्मभर परक्यांबरोबर डोंगर चढलीस. एक माझ्याबरोबर चढ."

दुसऱ्याच दिवशी आई दुकानात गेली. तिने स्वतःसाठी नवे बूट घेतले. भिंगरीने मात्र खुर्चीवर चढून आमचे खोके खाली काढले. मायलेकींच्या पायांचे माप एकच होते.

"ते नको घेऊस, बारा वर्षं बंद आहेत," आई म्हणाली.

"मला हेच हवेत," भिंगरी म्हणाली, आणि मी आनंदाने करकरलो.

बेटावर त्यांनी घेतलेली खोली होड्या दुरुस्त करणाऱ्या एकाच्या कारखान्याच्या वर होती. डोंगराच्या दिवशी पहाटे खालून रंगाचा वास येत होता. बाबा अंथरुणातूनच म्हणाले, "तुम्ही डोंगर बघा, मी समुद्र बघतो. संध्याकाळी दोन्हींची गोष्ट एकमेकांना सांगू." घरमालकिणीने उकडलेली अंडी आणि पाव बांधून दिला. परतीची शेवटची बस डोंगराच्या पायथ्याहून सहाला सुटते आणि ती कोणासाठी थांबत नाही, हेही तिने दोनदा बजावले.

पहिल्या बसने पायथ्याशी पोचून सातला आम्ही चढायला लागलो. आधी दगडी बांधांमधली पायवाट, मग दाट झाडी, मग नुसता उघडा उतार. भिंगरीचा पाय मला नवा होता, पण पाऊल टाकायची ढब आईचीच. टाच आधी, मग अंगठ्यावर जोर. मला आत कुठेतरी गलबलून आले. ती भरभर पुढे जाई आणि धापा टाकत थांबे. आई मागून एका चालीत येई आणि न थांबता तिला ओलांडून पुढे जाई.

"अशी कशी गं तू दमत नाहीस?"

"तू धावतेस आणि बसतेस. मी नुसती चालते. चढावर बोलता आलं पाहिजे, इतक्याच वेगानं चालायचं."

अकराच्या सुमारास झाडी संपली आणि सुट्या दगडांचा उभा चढ लागला. दोन पावले वर गेले, की एक पाऊल खाली घसरे. उजवीकडे खोल दरी होती आणि तळाशी समुद्र निळ्या कापडासारखा पसरला होता. तिथेच माझ्या टाचेत काहीतरी सुटले. मी सगळा जोर लावून धरून ठेवले. आणखी वीस पावले कसाबसा तग धरला. मग भिंगरीने एका दगडावर भार टाकला आणि माझा सोल अर्धा उघडला. तिचा पाय सरकला आणि ती दरीच्या बाजूला घसरत गेली.

"बस! खाली बस!" आई ओरडली.

भिंगरी मटकन बसली आणि घसरण थांबली. आई दगड तपासत तपासत तिच्यापाशी पोचली. मला इतकी लाज वाटत होती, की सांगता सोय नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मी पायाला दगा दिला होता.

भिंगरीने मला उलटे करून पाहिले. "डिंक मेलाय," ती म्हणाली. "बंद कपाटातल्या पुस्तकांचं अस्संच होतं. उजवाही सुटत आलाय."

"परत फिरू या," आई म्हणाली.

"शिखर समोर दिसतंय, आई."

"दिसतंय तेवढं जवळ नाही. अजून पाऊण तास आहे. आणि चढण्यापेक्षा उतरणं अवघड असतं, तेही या बुटांत."

भिंगरीचे डोळे भरून आले. "लहानपणी खिडकीत उभी राहून विचार करायचे, आई कुठे जाते, तिथे काय असतं एवढं. आज इतक्या जवळ येऊन परत फिरू?"

आईने एकदा शिखराकडे पाहिले. मग तिने वाकून स्वतःच्या नव्या बुटांच्या नाड्या सोडल्या. "काढ ते. माझे घाल."

"आणि तू?"

"हे माझेच आहेत. माझा पाय यांना ओळखतो."

तिने पिशवीतून बारीक नायलॉनची दोरी काढली. भिंगरीने ती आमच्याभोवती आडवी-उभी गुंडाळली, पुस्तक दाबात धरताना बांधते तशी ताणून गाठ मारली आणि टोक दाताने खेचले. मग आईचा पाय आत आला. मित्रांनो, बारा वर्षांनी! पाय थोडा सुजला होता, अंगठा थोडा वाकडा झाला होता. पण करंगळी जिथे टेकायची तिथेच टेकली.

तो शेवटचा चढ आम्ही मोजून मोजून चढलो. आई आधी पायाने दगड हलवून पाही, मगच भार टाकी. भिंगरी तिच्या पावलावर पाऊल ठेवून येत होती. शिखरावर दगडांची एक रास आणि जोराचा वारा, बाकी काहीच नव्हते. दोघी राशीच्या आडोशाला बसल्या आणि अंडी-पाव खाऊ लागल्या. चारी बाजूंनी समुद्र होता.

"आई, एक सांगू?" भिंगरी म्हणाली. "तुझा डावा बूट मी लपवायचे."

"ठाऊक होतं."

"ठाऊक होतं? मग कधी ओरडली का नाहीस?"

"ओरडून काय करणार? अर्धा तास लवकर उठायचे. बूट शोधायला वेळ लागेल, असं धरूनच चालायचे." आईने पावाचे कण झटकले. "तू नऊ वर्षांची असताना एकदा सकाळी उठले, तर दोन्ही बूट दारात नीट जोडीनं ठेवलेले. तू लपवलाच नव्हतास. त्या दिवशी बसमध्ये मी पुढच्या गावापर्यंत रडले."

भिंगरीने आईच्या खांद्यावर डोके ठेवले. शेवटी आईनेच घड्याळ पाहिले. "चल, उठ. बस माझ्या लाडक्या लेकीसाठीसुद्धा थांबायची नाही."

उतरताना आमचे खरे हाल झाले. दगडांवर घासून दोरी दोनदा तुटली. दोन्ही वेळा भिंगरीने उरलेले तुकडे जोडून आम्हांला पुन्हा बांधले. झाडीत शिरताना माझा सोल कायमचा निघाला. आईने तो उचलून पिशवीत टाकला. आता तिच्या तळपायाला खडा न् खडा टोचत होता, आणि मी पातळ अस्तराने जेवढे झेलता येईल तेवढे झेलत होतो. आईचा गुडघा दुखू लागला. एवढा वेळ कोणाचा आधार न घेणारी ती बाई थांबली आणि म्हणाली, "भिंगरे, खांदा दे गं जरा."

भिंगरी तिच्याकडे पाहतच राहिली. एवढ्या आयुष्यात आईने तिच्याकडे पहिल्यांदाच काही मागितले होते. तिने आईचा हात खांद्यावर घेतला आणि दोघी एका चालीने उतरू लागल्या, चालताना बोलता येईल इतक्याच वेगाने.

पायवाटेच्या शेवटी रस्ता दिसला, तेव्हा सहा वाजून आठ मिनिटे झाली होती. पण बस उभी होती! आम्हांला न्यायला त्याच बसने पायथ्यापर्यंत आलेले बाबा तिच्या पायरीवर एक पाय आणि रस्त्यावर एक पाय ठेवून उभे होते. चालक वैतागून हॉर्न वाजवत होता.

"अहो काका, पाय काढा ना!"

"माझी दोन माणसं डोंगरात आहेत. ती आली, की काढतो."

"तुमचं घड्याळ तरी बघा!"

"घड्याळंच दुरुस्त करतो मी. तुमचं दहा मिनिटं पुढे आहे," बाबा शांतपणे म्हणाले. ते साफ खोटे होते, मित्रांनो. पण त्यांच्या तोंडून चालकाला ते पटले.

दुसऱ्या दिवशी आईने आम्हांला कचऱ्याच्या पिंपाशेजारी नेऊन ठेवले. तिचे चुकले असे मी म्हणणार नाही. सोल गेलेला बूट कोणाच्या काय कामाचा? पण तासाभराने भिंगरी खाली आली आणि आम्हांला काखेत मारून घेऊन गेली. शहरात परतल्यावर तिने चार दुकाने पालथी घातली. तीन दुकानदारांनी नकारार्थी मान हलवली. चौथ्या दुकानातल्या बाईने आमचे कातडे अंगठ्याने दाबून पाहिले आणि म्हणाली, "कातडं अजून जिवंत आहे. नवे सोल शिवून देते, नुसते चिकटवत नाही."

आता आम्ही भिंगरीच्या दारात राहतो. दर रविवारी ती आम्हांला बाहेर काढते. कधी आई सोबत असते, कधी गुडघा दुखतो म्हणून नसते.

मित्रांनो, तुमच्याही घरात वरच्या फळीवर अशी एखादी वस्तू असेल. चांगली आहे म्हणून गुंडाळून ठेवलेली. आज खुर्चीवर चढा आणि तिला खाली घ्या. आम्हांला चिखलाचा राग येत नाही, दगडांची भीती वाटत नाही. झिजण्याचे तर दुःख मुळीच नाही. भीती वाटते ती अंधारात नव्यासारखे राहण्याची. आम्हांला खुशाल मळवा. मग काडीने माती काढा, तेल चोळा, सावलीत वाळवा, आणि पुढच्या रविवारी पुन्हा पायात घाला.