अठरा इंचांची कंबर

कादंबरीला पहिला संशय आला तो बरगड्यांवरून.

सिंगापूरमधल्या क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये, आठ महिन्यांचा नील तिच्या डाव्या दंडावर झोपलेला, आणि उजव्या हातात सविताताईंनी दिलेली चार पानं. शहरातल्या एका छोट्या खासगी वस्त्रसंग्रहालयात दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी मराठीतून फेरी निघायची. ती सविताताईंनीच सुरू केलेली, मजकूरही त्यांचाच. हा शनिवार कादंबरीच्या परीक्षेचा. पास झाली तर गळ्यात गाइडचं कार्ड, आणि महिन्यातली एक सकाळ तिची स्वतःची. लेकावर जीव होताच; पण या एका सकाळसाठी ती तीन महिने पाठांतर करत होती.

तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की जुन्या काळी विलायती बायका कॉर्सेट, म्हणजे पाठीमागे नाडीने आवळायची ताठ चोळी, नीट बसावा म्हणून खालच्या बरगड्या काढून घेत.

काढून घेत म्हणजे? कोणाकडून? कादंबरीचं सिझेरियन झालं होतं, चांगल्या हॉस्पिटलात, उत्तम औषधं देऊन. तरी अजून जोराची शिंक आली की तिचा हात आपसूक पोटावर जायचा. आणि त्या काळात, धड औषधं नसताना, बाई नुसत्या कपड्यासाठी छाती चिरून घेईल? तिने बरंच शोधलं. सांगणारे शेकडो होते, पण अशा एकाही बाईचं नाव कोणी देत नव्हतं.

बुधवारी नीलला पोटाशी बांधून ती संग्रहालयात सरावाला गेली. काचेआड मोतिया रंगाचा कॉर्सेट एका काटकुळ्या पुतळ्यावर चढवलेला, खाली पाटी: कंबर अठरा इंच. पाठीमागच्या, नाडी ओवायला लोखंडी रिंगा ठोकलेल्या दोन्ही कडा एकमेकींना अगदी चिकटवून बांधल्या होत्या. पण बांधल्या होत्या त्या नव्याकोऱ्या पांढऱ्या फितीने. मूळची नाडी शेजारी सरळ पसरून ठेवली होती, जुनी, पिवळट, मधूनमधून तांबूस डाग पडलेली. नीलने काचेवर थाप मारली. ही फीत नवी कशाला, एवढंच कादंबरीच्या मनात खुपत राहिलं.

शुक्रवारी सविताताईंचा निरोप आला की साडी नेसून ये. कादंबरीने कपाटातून लग्नातला ब्लाउज काढला. हुक काजापर्यंत पोचेनात. चांगलं दोन बोटं अंतर राहिलं.

"हा तुझाच ना?" प्रबोध नीलला भरवता भरवता म्हणाला. "का धाकट्या बहिणीचा उचलून आणलास?"

"माझ्या बहिणीचं नाव काढू नकोस. तुझा सूट काढू का बाहेर?"

ब्लाउज परत घडी करताना तिला दिसलं, सिंगापूरच्या दमट हवेत हुकांना गंज चढला होता आणि जिथे हुक टेकत होता तिथे कापडावर एकेक तांबूस ठिपका उमटला होता. त्या जुन्या नाडीवर होते तसलेच डाग. तिने मान वर केली. प्रबोध एका जांभळ्या फडक्याने नीलची हनुवटी पुसत होता. ते फडकं म्हणजे सातव्या महिन्यात शिवून घेतलेला तिचाच ढगळ ब्लाउज होता. अंगाला होणारे सगळे वापरून विरले, फाटले, फडकी झाले. कपाटात शाबूत उरला तो एकच, न होणारा. उद्या कोणी हे कपाट काचेत मांडलं तर पाटीवर काय लिहितील?

शनिवारी साडीचा नाद सोडून, कुर्त्यातच ती अर्धा तास आधी पोचली आणि काचेला बोटं लावून नाडीवरच्या डागांमधलं अंतर मोजलं.

फेरीला नऊ जण होते. सविताताई मागे उभ्या, चष्मा नाकावर, हातात वही. फेरी कॉर्सेटपाशी आली. पाठ केलेलं वाक्य म्हणायचं, नाहीतर कार्ड विसरायचं. पाटीवर अठरा लिहिलंय, असं म्हणून ती थांबली. मग तिने लोकांना जुनी नाडी दाखवली. कडा चिकटवून बांधत असती तर रिंगांच्या गंजाचे डाग एकमेकांपासून बोटभर अंतरावर पडले असते. इथे ते चार-चार बोटांवर होते. म्हणजे ही बाई मागे चांगली फट ठेवून बांधायची, आणि तिची कंबर पाटीपेक्षा मोठी होती. एका गृहस्थांनी बरगड्यांचं काय म्हणून विचारलंच. तसा पुरावा मला कुठे सापडला नाही, कादंबरी म्हणाली. मागे वही मिटल्याचा आवाज झाला.

लोक गेल्यावर सविताताई जवळ आल्या. "हे कुठून आणलंस? मोबाइलवरून?"

"माझ्या कपाटातून."

त्या हसल्या नाहीत. काचेला चार बोटं टेकवून एकेक डाग बघत गेल्या. बोटांचे ठसे पदराने पुसले. "अकरा वर्षं मी अठरा सांगत आले," त्या म्हणाल्या. हा शांतपणा कादंबरीला खरा वाटेना. दूध दाटून आलं होतं, घड्याळाकडे बघायची सोय नव्हती.

"उद्या म्हणशील, कोणी घट्ट बांधतच नव्हतं."

"नाही म्हणणार, ताई. बांधत असतील कोणी. ही बांधत नव्हती, एवढंच मला दिसतं."

सविताताईंनी तिसऱ्या पानावरच्या वाक्यावर काट मारली. मग पर्समधून कार्ड काढलं, पण लगेच दिलं नाही. "पुढच्या महिन्यातही मी मागे उभी राहणार आहे. माझा अजून विश्वास बसलेला नाही."

"राहा ना," कादंबरी म्हणाली. हात पुढे केलेलाच होता.

बाहेर प्रबोध स्ट्रोलर घेऊन उभा होता. नील रडून थकलेला, गालावर जांभळं फडकं. कादंबरीने त्याला उचलून घेतलं, आणि फडकं झटकून, घडी करून आपल्या पर्समध्ये ठेवलं.

"अगं, ते खराब झालंय," प्रबोध म्हणाला.

"असू दे. धुऊन कपाटात ठेवायचंय."