साबणावरची भिंगरी

सकाळची कामं आटोपून भिंगरीची आई साबण आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. दुकानात गर्दी होती. दुकानदाराने सवयीने फळीवर हात घातला, एक वडी काढून तिच्यापुढे ठेवली आणि मग चपापला. वडी घाईघाईने पालथी घालत म्हणाला, "थांबा वहिनी, दुसऱ्या कंपनीची देतो."

पण जे दिसायचं ते दिसून गेलं होतं. वेष्टनावर भिंगरी हसत होती. पिवळा फ्रॉक, दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. खाली ठळक अक्षरांत छापलं होतं, 'तुमच्यामुळे ती आज हसते आहे.'

भिंगरी जाऊन वर्ष होत आलं होतं.

पोर घरभर गरगर फिरायची, म्हणून बापाने तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली आणि खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं उरलं. सातव्या वर्षी ते फिरणं मंदावलं. अंगात रक्तच धरेना. आई घरी शिवणकाम करायची, बाप शहरातली बस चालवायचा. इस्पितळातला उपचार त्यांच्या आवाक्याबाहेरचा होता. अशा वेळी याच साबणाच्या कंपनीने हात दिला. औषधं दिली, रक्त दिलं, मुलांच्या विभागात खाट मिळवून दिली. त्यात खोटं काही नव्हतं. भिंगरीला जे चार दिवस जास्त मिळाले ते त्या मदतीमुळे, हे तिच्या आईने कधी नाकारलं नाही.

मग एक दिवस कंपनीच्या मदत विभागातल्या बाई फोटोवाल्याला घेऊन आल्या. भिंगरीच्या अंगात कणकण होती. 'आज नको' हे शब्द आईच्या अगदी ओठावर आले होते. पण ज्यांचं औषध पोरीच्या नसांतून वाहतंय, त्यांना नाही कोणत्या तोंडाने म्हणायचं? तिने वेण्या घातल्या. हाताला टोचलेली सुई दिसू नये म्हणून फ्रॉकच्या बाहीला कापड जोडून ती लांब करून दिली. प्रखर दिव्यांपुढे पोर स्टुलावर बसली. सांगितलं तशी हसली, पुन्हा हसली. शेवटी आईकडे मान वळवून हळूच म्हणाली, "आई, आता बास झालं का हसून?"

"थोडंसंच अजून, राणी," आई म्हणाली होती.

तो प्रश्न आता घरात राहायला आला होता. शिवणयंत्राचं चाक थांबलं की ऐकू यायचा. नळ बंद केला की ऐकू यायचा. लोकांनी मात्र तिला 'भिंगरीची आई' म्हणणं सोडलं होतं. त्या नावाने हाक मारायला कुणाची जीभ रेटत नव्हती. आणि ज्या पोरीचं नाव घ्यायला माणसं कचरत होती, तिचा चेहरा न्हाणीघराच्या कट्ट्यावर, गटाराच्या कडेला, शेजारणीच्या कचऱ्यात जिकडेतिकडे पडलेला असायचा. आई वाकायची, चिखल पुसायची, वेष्टन घडी करून पिशवीत ठेवायची. एकदा बाजारात एक अनोळखी बाई तिला थांबवून कौतुकाने म्हणाली, "ती साबणावरची मुलगी तुमचीच ना? आम्ही तोच साबण वापरतो हो. बरी झाली ना आता?"

ती "हो" म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

बापाची गत निराळी नव्हती. त्याच्या बसच्या मागच्या बाजूला तीच जाहिरात लावली होती. दिवसभर पोर त्याच्या पाठीशी असायची आणि त्याला दिसायची नाही. मागून येणाऱ्या सगळ्या शहराला दिसायची. आगारातून बस काढताना तो गाडीच्या मागून जाणं टाळायचा. घरी याबद्दल चकार शब्द काढत नसे.

अशात मदत विभागातल्या बाई घरी आल्या. इस्पितळात कंपनीच्या खर्चाने मुलांचा नवा कक्ष उभा राहिला होता, त्याचं उद्घाटन होतं.

"दोन शब्द बोला," बाई म्हणाल्या. "आम्ही काय काय केलं तेवढंच सांगा. शेवटचं... ते नाही सांगितलं तरी चालेल. लोकांना उमेद वाटायला हवी."

त्या गेल्यावर नवरा जमिनीकडे बघत म्हणाला, "जाऊन ये. पडत्या काळात उभे राहिलेत ते."

"उभे राहिले हे खरं. पण आपल्या पोरीला अजून बसू देत नाहीत," ती म्हणाली. तरीही ती गेली.

मदत करणाऱ्यांची आपल्याकडे एक रीतच पडून गेली आहे. देणाऱ्याचा हात दिसला पाहिजे आणि घेणाऱ्याचे दात. ही रीत कुणी क्रूर माणसांनी पाडलेली नाही. भल्याभल्यांनी पाडली आहे, म्हणूनच ती कुणाला बोचत नाही.

उद्घाटनाआधी बाईंनी तिला बाजूच्या खोलीत नेलं. तिथे दिवे लावले होते. स्टुलावर पाचेक वर्षांची मुलगी बसली होती. नवा निळा फ्रॉक, सुकलेले ओठ, तापाने चकाकणारे डोळे. तिची आई गुडघ्यावर बसून बाही खाली ओढत होती, सुई झाकायला.

भिंगरीची आई दारातच खिळली. मग पुढे जाऊन तिने मुलीच्या कपाळावर हात ठेवला.

"हिला ताप आहे."

"माहीत आहे हो. थोडाच वेळ," बाई म्हणाल्या. "कंपनीचे साहेब येऊन बसलेत."

"दिवे बंद करा."

फोटोवाल्याने बाईंकडे पाहिलं. कुणी हललं नाही. तेव्हा भिंगरीच्या आईने मुलीला उचलून कडेवर घेतलं. त्या हलक्या, तापलेल्या अंगाची तिच्या हातांना ओळख होती.

"अहो, काय करताय? तुम्हाला बाहेर बोलायचंय."

"इथेच बोलते," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुम्ही माझ्या पोरीला औषध दिलंत, मी जन्मभर विसरणार नाही. पण ती गेली, बाई. तुम्ही तिला अजून हसायला लावताय. तिला आता निजू द्या."

बाईंचा चेहरा उतरला. "मी वर सांगितलं होतं," त्या पुटपुटल्या. "वेष्टनं छापून झालीत म्हणाले."

तेवढ्यात त्या मुलीच्या आईने घाबरून हात पुढे केले. "द्या हो तिला, ताई. आमचं औषध बंद होईल."

भिंगरीच्या आईने बाईंना विचारलं, "बंद होईल का?"

"नाही. तसा नियम कुठेच नाही."

"मग हे हिच्या आईला कुणी सांगितलं का?"

त्या मुलीच्या आईने लेकीला आपल्या कडेवर घेतलं, स्टुलाकडे पाहिलं, दिव्यांकडे पाहिलं.

"मी निजवते हिला," ती म्हणाली आणि खाटेकडे निघून गेली.

समारंभ झाला, भाषणं झाली, टाळ्या वाजल्या. बाहेर बोलायला मात्र भिंगरीची आई गेली नाही. घरी येऊन तिने घडलेलं सांगितलं. नवरा ऐकून उठला, तडक आगारात गेला आणि बादलीभर पाणी घेऊन बसमागची जाहिरात स्वतःच्या हाताने, नखांनी खरवडून काढली. त्याबद्दल त्याला वरिष्ठांची बोलणी खावी लागली. त्याने ती मुकाट्याने खाल्ली. कंपनीने पुढे वेष्टन बदललं, पण आधीचा माल संपेस्तोवर भिंगरी दुकानादुकानांतून हसत राहिली.

त्या मुलीचं औषध थांबलं नाही. ती वाचेल की नाही, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. भिंगरीची आई आता दर आठवड्याला त्या कक्षात जाते. खाटेशी नवी आई दिसली की तिच्याजवळ बसते आणि सांगते, औषध घे, आभारही मान, पण फोटोला नाही म्हणता येतं. त्याने काही थांबत नाही.

परवा ती गेली तेव्हा त्या मुलीला सुई टोचत होते. मुलीने हंबरडा फोडला. कक्ष बघायला आलेले पाहुणे दारात अवघडून उभे राहिले. मुलीच्या आईने गडबडीने तिच्या तोंडावर हात धरला. "रडू नको गं, मोठी माणसं बघताहेत."

भिंगरीच्या आईने तो हात अलगद बाजूला केला.

"रडू दे तिला," ती म्हणाली. "त्यांनाही ऐकू दे."