सिन्नरच्या कॉईली

मोहिनी पगारेची पिशवी कंपनीच्या गेटवर उघडली गेली, तेव्हा पहिली शिफ्ट सुटत होती. दोनशे माणसं थबकून बघत होती. वॉचमनने आधी डबा काढला, मग छत्री, आणि शेवटी कागदात गुंडाळलेली मोरपंखी साडी. शेजारी उभा असलेला परचेस मॅनेजर अश्विन सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "व्हेंडरकडून साड्या मिळतात, म्हणूनच त्यांची एवढी बाजू घेता होय?"

साडी सिन्नरला कॉईली बनवणाऱ्या नवसाबाईंनी दिली होती, हे खरं. त्यांच्या मुलीच्या लग्नात मोहिनीने आहेर केला होता, त्याची परतफेड म्हणून. पण हे त्या गर्दीला सांगायचं कसं? तिने साडीची घडी घातली, पिशवी खांद्याला अडकवली आणि अंबडहून नाशिकरोडला घरी आली. दुसऱ्या दिवशी राजीनामा पाठवला.

अकरा वर्षं ती त्या कंपनीत होती. शेतातल्या मोटारींचे स्टार्टर तिथे बनत. त्यांना लागणाऱ्या कॉईली, स्प्रिंगा, पत्र्याच्या पेट्या नाशिक-सिन्नरचे लहान कारखानदार पुरवत, आणि त्यांना सांभाळायचं काम मोहिनीचं होतं. कोणाचं मशीन बिघडलंय, कोणाकडे तार संपत आलीय, कोणाच्या घरी आजारपण आहे, हे तिला ऑफिसातल्या कागदांच्या आधी कळायचं. लॉकडाऊनमध्ये पास काढून ती स्कूटरवरून सिन्नरला जायची आणि नवसाबाईंच्या शेडमधून कॉईलींची खोकी आणायची. कारखाने उघडले तेव्हा आठवड्याभरात कंपनीची लाइन सुरू झाली होती. मालकांनी तेव्हा तिचं सगळ्यांसमोर कौतुक केलं होतं.

मग अश्विन आला. एवढ्या बारक्या लोकांचे नखरे कशाला, एकच मोठा व्हेंडर धरू, असं त्याचं म्हणणं. परराज्यातला एक कारखाना त्याने ठरवलाही. मीटिंगमध्ये मोहिनी एवढंच म्हणाली, "सर, उद्या तो एक बंद पडला तर?" सगळे तिच्याकडे बघायला लागले आणि अश्विनचे कान लाल झाले. चारच दिवसांनी गेटवर तिची पिशवी उघडली गेली. त्याच आठवड्यात नवसाबाईंना, स्प्रिंगवाल्या सावळीरामला आणि बाकीच्यांना दोन ओळींची मेल गेली: यापुढे माल पाठवू नये.

मोहिनीने कोर्टकचेरी केली नाही. ती सिन्नरला हर्षालीकडे गेली. हर्षाली एका गाळ्यात स्वतःच्या नावाचे स्टार्टर बनवायची. धंदा छोटा, पण बाई सरळ. "पगार कमी द्या," मोहिनी म्हणाली, "पण माल कोणाकडून घ्यायचा ते मी ठरवणार."

दीड वर्ष ती राबली. तीन-तीन महिन्यांच्या ऑर्डरी आधीच सांगायच्या, म्हणजे माणसं निर्धास्त. नवसाबाईंना तारेचे दोन व्यापारी जोडून दिले. एकाने हात वर केले तर दुसरा हजर. सावळीरामचं स्प्रिंगचं मशीन बंद पडलं तेव्हा दिवसभर ती मेकॅनिकच्या शेजारी उभी राहिली. लोक म्हणायचे, मोहिनीताईंचा जीव आहे आपल्या लोकांवर. जीव होताच. पण ही वीण ती आणखी एका कारणासाठी घट्ट करत होती, आणि ते कारण रोज सकाळी डोळे उघडायच्या आधीच तिच्या छातीत जागं असायचं.

यंदा फेब्रुवारीत, ऐन हंगामात, सावळीरामचा फोन आला. "ताई, ऐकलं का? त्या परराज्यातल्या कारखान्याला आग लागली. कॉईलींचं सगळं वायंडिंग खाक."

मोहिनी हसली. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, कोणाला भाजलं का हे आपण विचारलंच नाही. तिने परत फोन लावून विचारलं. कोणाला काही झालं नव्हतं. मग ती मोकळेपणाने हसली.

त्याच दिवशी ती प्रत्येक शेडवर गेली. "अश्विन येईल. एकही नग द्यायचा नाही. मला शब्द द्या."

नवसाबाईंनी शब्द दिला. फक्त विचारलं, "किती दिस, ताई?"

"मी सांगेन तोवर."

अश्विन तिसऱ्या दिवशी आला. सगळीकडे त्याला एकच उत्तर मिळालं: मोहिनीताईंना विचारा. शेवटी तो हर्षालीच्या गाळ्यात येऊन उभा राहिला. मोहिनी स्प्रिंगा तपासत होती. तिने मान वर केली नाही, बसाही म्हटलं नाही.

"मॅडम, झालं गेलं विसरून जाऊ. आमच्याकडे दोन दिवसांच्याच कॉईली उरल्यात."

"माझ्या पिशवीतली साडी कोणत्या रंगाची होती?"

"काय?"

"दोनशे लोकांसमोर बाहेर काढलीत ना? रंग कोणता होता?"

अश्विनला खरंच आठवत नव्हतं.

"आठवला की या."

कंपनीची लाइन थांबली. लासलगावच्या, नामपूरच्या दुकानदारांनी थोडी वाट पाहिली आणि हर्षालीचे स्टार्टर मागवायला सुरुवात केली. मोहिनी रोज नाश्त्याला बसल्यावर मनात दिवस मोजायची. सहा. नऊ. बारा. इतकं गोड काही तिने आयुष्यात चाखलं नव्हतं.

तेराव्या दिवशी नवसाबाई गाळ्यात आल्या. पदराने घाम पुसत म्हणाल्या, "आता बास करा, ताई. तिथल्या कंत्राटी बाया घरी बसवल्यात. चाळीस जणी. भांडण तुमचं त्या एकट्याशी."

"तुम्हाला त्यांनी दोन ओळींत काढलं होतं!" मोहिनीचा आवाज चढला. "विसरलात?"

"नाय इसरले. म्हून तर तुमच्याकडं आले. त्यांच्याकडं गेले नाय."

त्या चाळीस जणींतल्या निम्म्या तरी मोहिनीच्या पंगतीला डबा खाल्लेल्या होत्या. नवसाबाई निघून गेल्या. मग तिने थेट कंपनीच्या मालकांना फोन लावला. माल मिळेल, पण वर्षभराची ऑर्डर आधी लेखी, जुन्या सगळ्यांना वाटून. आणि अश्विनने प्रत्येक शेडवर जाऊन, कामगारांसमोर माफी मागायची.

मालक म्हणाले, "पाठवतो."

नवसाबाईंच्या शेडमध्ये बारा बायांनी यंत्रं थांबवली. अश्विन दारात उभा राहून म्हणाला, "माझं चुकलं. मोहिनी मॅडमवर मी खोटा आळ घेतला." शब्द सगळे बरोबर होते, पण मोहिनीचं समाधान होईना. त्याचा आवाज फुटावा, त्याने खाली बघावं, असं तिला वाटत होतं. तो भिंतीकडे बघत होता. आणि तेवढ्यात नवसाबाई चक्क त्याच्यासाठी चहाचा कप घेऊन आल्या.

"त्यांना नको," मोहिनी म्हणाली. "त्यांना घाई आहे."

नवसाबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि कप त्याच्या हातात दिलाच. "चहाला कसली घाई?"

दुपारी मालकांचा फोन आला. अश्विनला महिनाअखेर जायला सांगितलंय, त्याची खुर्ची तुमचीच. मोहिनीने नाही म्हटलं. "मी हर्षालीताईंकडेच राहीन. तुम्हाला माल मिळत राहील. पण त्यांची गरज आधी भागणार, मग तुमची. हंगाम असो नाहीतर नसो."

"अहो, आमची ऑर्डर त्यांच्या पाचपट आहे!"

"माहितीये मला."

संध्याकाळी शेडपुढे दोन टेम्पो लागले. हर्षालीच्या टेम्पोत खोकी चढत होती, कंपनीचा रिकामा होता. अश्विन घड्याळ बघत कलत्या उन्हात उभा होता.

"किती वेळ लागेल?" त्याने विचारलं.

मोहिनीने उत्तर दिलं नाही. ती आत वळून बायांना म्हणाली, "दमलात ना? जरा बसा. मग आपला टेम्पो भरू, सावकाश."