नखाएवढ्या कार्डातला काकांचा आवाज

या मित्रांनो, असे जवळ येऊन बसा. मागच्यांनी पुढे सरका, पुढच्यांनी मागच्यांना कोपर मारू नका. मी तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढा. माझा आवाज कितीसा असणार? पण गोष्ट अशी सांगणार आहे, की हसता हसता तुमचा हात आपोआप छातीवर जाईल आणि 'देवा, वाचवलंस रे बाबा!' असे तोंडून निघेल.

मी एक जुने मेमरी कार्ड आहे. माझा जन्म अशा खोलीत झाला, जिथे धुळीच्या कणालाही आत यायची परवानगी नव्हती. डोक्याला टोप्या आणि तोंडाला फडकी लावलेली माणसे आम्हाला चिमट्याने उचलत. तान्ह्या बाळाला तरी कोणी इतके जपत असेल का, देव जाणे! माझ्या पाठीवर सोनेरी पट्ट्या बसवल्या आणि कपाळावर 'दोन जीबी' असे छापले. आज तुम्ही हसाल. पण त्या काळी दोन जीबी म्हणजे भरल्या घराचे लक्षण होते. दुकानातल्या काचेच्या कपाटात मी चांगला ताठ मानेने बसत असे.

एके दिवशी एका बस कंडक्टरने मला विकत घेतले आणि आपल्या फोनमध्ये बसवले. हेच आपले काका. दिवसभर थांब्यांची नावे पुकारून त्यांचा आवाज असा कमावलेला होता, की शेवटच्या बाकावर घोरणारा माणूसही आपल्या थांब्याला बरोबर उठून उभा राही. घरी आले, की हाच आवाज देवाच्या कामी लागे. जेवणानंतर भांडी घासणे हे काकांचे काम, आणि भांडी घासता घासता देवाची कथा गाऊन सांगणे हा त्यांचा आनंद. एक ओळ गायची, तिचा अर्थ उलगडायचा, अर्थाच्या शेपटीला एखादा विनोद बांधायचा आणि पातेल्यावर डावाने ठेका धरायचा.

"दार उघडे ठेव गं बाई, देव सांगून येतच नाही!" असे आळवून ते म्हणत, "म्हणून सांगतो मंडळी, भांडी ज्या वेळची त्या वेळी घासा. देव अवचित दारात आला आणि खरकटं पातेलं दिसलं, तर बिचारा आल्या पावली माघारी जाईल!"

मंडळी म्हणजे कोण, तर एकटी मावशी. मावशी ही काकांची बायको. घरातच शिवणकाम करणारी. तिने फोन साखरेच्या डब्यामागे दडवून ही सगळी गाणी गुपचूप माझ्यावर उतरवून घेतली. नळाची धार, भांड्यांचा खणखणाट आणि ऐन भक्तीच्या भरात 'अगं, दूध बघ, दूध!' ही आरोळी. सगळे जसेच्या तसे. मित्रांनो, भक्ती आणि दूध दोन्ही उतू जाऊ लागले, की माणसाची काय तारांबळ उडते, हे ऐकायचे तर ते माझ्याकडेच!

पुढे काकांच्या घशाला आजार झाला. ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी काकांचा जीव परत दिला; आवाज मात्र त्यांना परत देता आला नाही. काकांनी खुणेनेच सांगितले, की सौदा वाईट नाही, आणि रडणाऱ्या मावशीला हसवले. बसवरचे काम सुटले. आता ते डेपोत, हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसतात आणि लोकांच्या छत्र्या लोकांना देतात. फोनही म्हातारा होऊन गेला. मावशीने मला त्यातून काढून एका छोट्या गाण्याच्या डब्यात घातले आणि तो डबा शिलाई मशीनशेजारी ठेवला. काकांनी भांडी घासायला घेतली, की मावशी डबा लावी. गाणे डब्यातून येई आणि ठेका पातेल्यावर पडे.

दुसरीकडे उतरवून ठेवू, ठेवू म्हणता ते राहूनच गेले. काकांचा आवाज साऱ्या जगात फक्त माझ्यापाशी उरला. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढची धाकधूक सगळी इथूनच सुरू होते.

मावशीची बहीण वरच्या मजल्यावर राहते. ती दवाखान्यात परिचारिका आहे. तिची दोन मुले आई येईपर्यंत मावशीकडेच असतात. थोरला कॉलेजात जातो. त्याला सगळ्यातले सगळे कळते, म्हणून काकांनी, आवाज होता तेव्हा, त्याचे नाव 'सर्वज्ञ' ठेवले होते. धाकटी एका जागी बसेल तर शपथ, म्हणून ती 'भिंगरी'. भिंगरीकडे हातात धरून खेळायचा एक गेम-कन्सोल आहे. थोडा जुना, पण ठणठणीत. वाढदिवसाला आईने तिला त्याच्यासाठी नवे कोरे कार्ड दिले. दोनशे छप्पन जीबी! म्हणजे माझे अख्खे गाव त्याच्या एका पोटात.

भिंगरीने ते कार्ड आत सरकवले मात्र, कन्सोलच्या पडद्यावर अक्षरे उमटली: 'हे कार्ड वापरता येत नाही.'

झाले! उपचार सुरू झाले. कार्ड काढले, घातले. कन्सोल बंद केला, चालू केला. काकांनी मऊ ब्रशने खाच झाडून दिली.

"उलटं तर नाही ना घातलंस?" मावशीने मशीनवरून विचारले.

"मावशी, ते उलटं जातच नाही."

"माझ्या मशीनची सुई पण उलटी बसत नाही म्हणतात. तरी लोक बसवतातच."

शेवटी सर्वज्ञाने कंपनीची माहिती शोधून वाचली. "मिळालं! याचं फर्मवेअर जुनं आहे. त्याला एवढी मोठी कार्डं ओळखताच येत नाहीत. फर्मवेअर अपडेट करायला पाहिजे."

"फर्म… काय?"

"यंत्राची आतली समज गं. कसं वागायचं, कोणाला ओळख द्यायची, हे त्याला जन्मतःच शिकवलेलं असतं."

"मग शिकव की नव्यानं."

"तो नवा धडा कार्डावर घालूनच द्यावा लागतो."

"हे काय, कार्ड आहे की समोर!" भिंगरी ओरडली.

"अगं, पण तेच तर तो ओळखत नाही ना!"

मावशीने कपाळाला हात लावला. "म्हणजे लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही!"

काका आवाज न करता गदगदून हसले. सर्वज्ञ म्हणाला, "एखादं छोटं, जुनं कार्ड असेल ना कुणाकडे, तर त्याच्यावरून अपडेट होईल. मग मोठं कार्ड आपोआप चालेल." आणि बोलता बोलता त्याची नजर गाण्याच्या डब्यावर गेली.

मशीन थांबले. मावशी म्हणाली, "त्याला हात लावायचा नाही. त्यात काका आहेत."

काका तर तिथेच, दोन हातांवर, चहा पीत बसले होते! त्यांनी डब्याकडे बोट दाखवले आणि 'घे, घे' अशी खूण केली.

"तुम्ही गप्प बसा हो!" मावशी कडाडली.

काकांनी कप खाली ठेवला आणि 'तेच तर करतोय' असे हात पसरले. मग मावशीलाही हसू आवरेना. नको म्हणणारे माणूस एकदा हसले, की त्याचा नकार निम्मा विरघळतो.

"मावशी, आधी सगळी गाणी कॉम्प्युटरवर घेतो," सर्वज्ञाने शब्द दिला. "वाजवून दाखवतो. मगच कार्ड घेतो. मग तर झालं?"

मला डब्यातून काढून टेबलावर ठेवले. शेजारी ते नवे कार्ड चकाकत होते. त्याने विचारले, "आजोबा, तुमच्यात किती मावतं?"

"दोन जीबी."

"बस? आणि आहे काय त्यात?"

"एक माणूस," मी म्हणालो.

सर्वज्ञाने मला आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरमध्ये घातले, काही खुडबूड केली आणि एक गाणे लावले. काकांचा आवाज खोलीभर घुमला. मावशीने मान डोलावली. "घे बाबा. पण जपून."

मग मी भिंगरीच्या कन्सोलमध्ये गेलो. त्याने मला वरपासून खालपर्यंत तपासले आणि पडद्यावर लिहिले: 'या कार्डाची मांडणी जुळत नाही. फॉरमॅट करायचे का? कार्डावरचे सर्व काही पुसले जाईल.' खाली दोनच शब्द. 'हो' आणि 'नाही'.

फॉरमॅट म्हणजे काय, ते सांगतो. भाडेकरू बदलताना सगळे सामान बाहेर काढून, भिंती धुऊन खोली मोकळी करतात ना, तसे. फरक एवढाच, की इथे बाहेर काढलेले सामान परत मिळत नाही.

इकडे काका स्वयंपाकघरात गेले होते. भांडी पडली होती. त्यांना वाटले, आता गाणी कॉम्प्युटरमध्ये आली आहेत, तर तिथूनच लावू. ओल्या हातात पातेले आणि डाव घेऊन ते आतल्या खोलीत गेले, करंगळीने बटण दाबले. गाणे लागले नाही. पुन्हा दाबले. पडद्यावर आले: 'फाईल सापडत नाही.'

म्हणजे गाणी इकडे आलीच नव्हती, हे काकांनी ओळखले. त्यांनी तोंड उघडले, पण नुसती हवा बाहेर आली. मित्रांनो, ज्या गळ्याने भरल्या बसला हाक ऐकवली होती, त्याला दोन खोल्यांपलीकडच्या एका पोरीला 'थांब' म्हणता येत नव्हते! उभ्याने नोकरी केलेले गुडघे, त्यांना धावता येईना. मग त्यांनी डाव उचलला आणि पातेल्यावर हाणायला सुरुवात केली. ठण ठण ठणाठण!

बाहेरच्या खोलीत भिंगरीचा अंगठा 'हो'वर टेकला होता. ती हसून म्हणाली, "काका रंगात आले वाटतं!"

"मग! माझी कॉपी आहे ती," सर्वज्ञ फुशारला. "दाब तू."

मावशी कापडाची घडी घालत होती. तिचा हात मध्येच थांबला. तिने कान टवकारले.

"ठेका आहे," ती म्हणाली, "पण गाणं कुठाय?"

"काय मावशी?"

"अगं, ठेका ऐकू येतोय, गाणं कुठं ऐकू येतंय? हे गाण्याशिवाय कधी पातेलं वाजवत नाहीत. थांब! काढ तो अंगठा!"

भिंगरीने विस्तवावरून काढावा तसा अंगठा काढला. आयुष्यात पहिल्यांदाच ती अगदी निश्चल बसली. तेवढ्यात काका दारात आले, धापा टाकत, डावातून पाणी गळतेय, आणि जोरजोराने मान हलवू लागले.

सर्वज्ञ आत धावला. परत आला तो चेहरा पाडूनच. "मावशी… मी फाईल घेतलीच नाही. शॉर्टकट घेतला."

"मला कळेल असं सांग."

"घर हलवायचं सोडून दारावरची पाटी तेवढी उचलून आणली मी. मघाशी गाणं वाजलं, ते कार्ड आत होतं म्हणून. पाटी वाचून कॉम्प्युटर कार्डातच जात होता."

पोराच्या डोळ्यांत पाणी तरळले. काका त्याच्याजवळ गेले. आता काय होणार, असे सगळ्यांना वाटले. तर काकांनी आपल्या खांद्यावरचे भांडी पुसायचे फडके त्याच्या खांद्यावर टाकले आणि स्वयंपाकघराकडे बोट दाखवले. भिंगरी खो खो हसली, मावशी हसली आणि डोळे पुसत सर्वज्ञही हसला. देवाच्या दरबारात म्हणे चुकीला क्षमा असते. काकांच्या घरात क्षमेबरोबर फडकेही मिळते!

भांडी पुसून झाल्यावर काम पुन्हा नीट झाले. या वेळी घरच हलवले. एक प्रत कॉम्प्युटरमध्ये ठेवली, एक मुलांच्या आईच्या फोनवर पाठवली. मग मावशीने मला हातात घेतले आणि मूठ मिटली. "कार्ड माझ्या मुठीत. आता वाजव बघू."

आणि गाणे लागले! मित्रांनो, इतकी वर्षे तो आवाज मी पोटात वागवला होता, पण तो पोटातूनच ऐकला होता. त्या दिवशी मावशीच्या उबदार मुठीत बसून मी तो पहिल्यांदा बाहेरून ऐकला. काय सांगू! 'दूध बघ' म्हणून ओरडतानाही तो माणूस सुरात होता.

मग भिंगरीने मावशीकडे पाहिले, मावशीने काकांकडे, काकांनी होकारार्थी मान हलवली, आणि अंगठा 'हो'वर पडला. मी रिकामा झालो. हलके, धुतल्यासारखे वाटले. मग माझ्यावर अपडेटची फाईल ठेवली. ती कन्सोलने घास घास करून खाल्ली. तोवर त्याला बंद करायचे नसते, म्हणून सर्वज्ञ चार्जर धरून पहाऱ्याला बसला. शेवटी नवे कार्ड आत गेले, आणि पडद्यावर त्याची ओळख उमटली. भिंगरी अशी उडाली, की खालच्या मजल्यावरच्यांनी छत ठोकले!

त्याच दिवशी गाणी पुन्हा माझ्यावर उतरवली गेली आणि मी माझ्या डब्यात परतलो. तुम्ही विचाराल, पुसल्यावरही हे सगळे तुला आठवते कसे? अहो, गाणी ठेवायला जीबी लागतात. माया ठेवायला लागत नाहीत.

आता माझे सांगणे एवढेच. जे जपायचे, त्याची प्रत करा. आणि मूळ वस्तू मुठीत धरून ती प्रत वाजते का, हे पाहा. पाटीला घर समजू नका. आणि तुमच्या घरात एखादा माणूस हल्ली बोलत नसेल, तर त्याच्याशेजारी थोडा वेळ बसा. तो हातांनी काय सांगतोय, ते कान देऊन ऐका. आणि बसाल, तेव्हा एकदा आमच्या काकांची आठवण काढा. ते तुम्हाला ओ देऊ शकणार नाहीत. पण तुम्ही आठवण काढलीत, हे त्यांना कळेल.