सूर लावून रडण्याचं क्रियापद

रंजिता यवतमाळच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायची. त्या दिवशी धड्यात ‘कीन’ हे क्रियापद आलं. मेलेल्या माणसासाठी सूर लावून, बोल गुंफत रडणं, असा तिनं अर्थ सांगितला आणि ते वाक्यात वापरूनही दाखवलं. पहिल्या बाकावरच्या सुरभीला काही ते पटेना. सुरात कोणी रडते का मॅडम, असं तिनं विचारलं.

आमच्या बंजाऱ्यांत रडतात, रंजिता म्हणाली, आणि तेही जित्या माणसासाठी. लग्न झालेली लेक माहेरी आली की आई तिच्या गळ्यात पडते, आठवेल ते सगळं सुरात गाऊन रडते. एवढं बोलून तिनं धड्याचं पान उलटलं. हे रडणं तिच्या वाट्याला कधी आलंच नव्हतं. तिनं जातीबाहेरच्या अंकुरशी कोर्टात लग्न केलं, तेव्हा विधवा आईनं निरोप धाडला होता, तांड्यात पाय ठेवू नको.

रविवारी तिनं माहेरच्या वाटेची, उमरखेडची एसटी धरली. सहज जाऊन येते, असं अंकुरला सांगितलं. ताकाला जाऊन भांडं लपवायची तिची खोड जुनीच. तिला ते रडणं हवं होतं, दुसरं काही नको होतं.

हंसाबाई अंगणात तूर बडवत होती. लेकीला पाहून उठली, पदरानं खुर्ची पुसली.

“बसा. च्या मांडतो,” ती म्हणाली.

मराठीत म्हणाली, आणि वर अहो-जाहो. तांड्यातली बाई मराठी बोलते ती तलाठ्याशी, दुकानदाराशी. पोटच्या पोरीशी आपली बंजाऱ्यांची गोरबोलीच बोलायची. चहा आला, बिस्किटं आली, बस किती वाजता मिळाली याची चौकशी झाली. पाहुणचारात म्हणाल तर बोट ठेवायला जागा नव्हती.

निघायची वेळ झाली तेव्हा तिला राहवेना. माझ्या गळ्यात का पडली नाहीस, तिनं आपल्या बोलीत विचारलं. हंसाबाईनं अहो-जाहो सोडलं, मराठी सोडली नाही.

“रडून झालं. तू गेली तवाच मेल्यावानी रडून घेतलं तुले.”

आधी थोरलीनं सूर धरायचा, अशी रीत. रंजितानं रीत मोडली आणि स्वतःच आईच्या गळ्यात पडली. लहानपणी ऐकलेले बोल काही केल्या आठवेनात. “याडी” म्हणजे आई, एवढाच शब्द तुटक तुटक येत राहिला. हंसाबाई हात सोडून ताठ उभी होती.

बऱ्याच वेळानं ती लेकीच्या कानाशी खेकसली, या खेपेला गोरबोलीत. असं तोडतात होय, लांब ओढायचं असतं. आणि नुसतं दाखवायला म्हणून तिनं सूर लावला, तो मग तिचा तिलाच थांबवता येईना.